विसरलेला रिमोट

१

हेडसरांच्या उजव्या मुठीतून रिमोट काढायला दोन माणसं लागली. एकाने मनगट धरलं, दुसऱ्याने एकेक बोट उचकटलं. रिमोटच्या बटणावरचं रबर अंगठ्याच्या नखाने फाटलं होतं. हेडसरांनी ते बटण किती वेळा दाबलं असेल, याचा हिशोब कुणीच केला नाही.

डोळ्यांच्या दवाखान्याच्या आवारात, भर उन्हात, गाडी उभी होती. काचा बंद, चारही दारं लॉक. हेडसर मागच्या सीटवर झोपायला गेले होते, पण सापडले पुढच्या दोन सीटांच्या मध्ये. डाव्या डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी, एक पाय अजून मागे अडकलेला, आणि पुढच्या दाराच्या लॉकच्या खुंटीवर रक्त.

हे सगळं फौजदारांनी वायरवालीला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, तेव्हा ती एका टॅक्सीच्या डॅशबोर्डखाली उताणी पडली होती. वायरवाली हे नाव तिला गिऱ्हाइकांनी दिलं होतं. वीस वर्षं ती गाड्यांना अलार्म बसवत होती, आणि तिने जोडलेली तार सुटली असं कुणी म्हटलं की तिच्या अंगाची लाही व्हायची.

"बाहेर या," फौजदार म्हणाले. "तुमचं काम माणसं खायला लागलंय."

ती बाहेर आली. तोंडातली टेप तिने हातात घेतली.

"हेडसर गेले," फौजदार म्हणाले. "तुमच्या अलार्मने कोंडून मारलं. रिमोट हातात, बटण दाबतायत, आणि दार ढिम्म. बायको रडतेय, मुलगी रडतेय. साहेब म्हणतात, वायरवालीवर केस ठोका."

"माझा अलार्म असं करणार नाही."

"मेलेल्या माणसाला सांगा."

त्यांनी तिच्यादेखत शटर ओढलं आणि त्यावर कागद चिकटवला. टॅक्सीवाला आपली अर्धी उघडी गाडी बघत तसाच उभा राहिला.

"परवापर्यंत वेळ देतो," फौजदार तिच्याकडे न बघता म्हणाले. "माझ्या जीपचं वायरिंग तुम्ही केलंय, म्हणून. अलार्म का बिघडला ते कागदावर लिहून द्या. नाही दिलंत, तर हातकडी मला घालायची नाही, पण घालेन."

२

गाडी चौकीच्या मागच्या अंगणात होती. सीटच्या कापडावर घामाचा पांढरा डाग वाळला होता. दोन शिपाई भिंतीला टेकून तमाशा बघायला उभे होते.

वायरवालीने आधी हेडसरांचा रिमोट घेतला. बटण दाबलं. रिमोटवरचा बारीक दिवा लागला, म्हणजे सेल ठीक होता. गाडीने मात्र हूं की चूं केलं नाही.

"झालं," एक शिपाई म्हणाला. "शाळा सुटली."

तिने ड्रायव्हरच्या बाजूला गुडघ्यांवर बसून डॅशबोर्डखालचं झाकण काढलं. आत तिचंच काम होतं. गाडीच्या लॉकच्या दोन तारा, एक लावायची आणि एक उघडायची, अलार्मच्या डब्याशी जोडलेल्या. प्रत्येक जोडावर टेपचे तीन वेढे आणि शेवटी तिची ती दुमड. एकही जोड हललेला नव्हता. तिने डब्यातून उघडायच्या तारेवर करंट सोडून पाहिला. चारही खुंट्या टकाटक वर आल्या.

म्हणजे तारा ठीक. डबा ठीक. रिमोट ठीक. आणि तरीही रिमोट दाबला की डबा ऐकत नव्हता. जणू ओळखच नाही.

ओळख! ती तशीच थांबली.

अशा अलार्मच्या डब्याला आपले रिमोट शिकवावे लागतात. चावी फिरवायची, डॅशबोर्डखालचं लपवलेलं बटण पाच वेळा दाबायचं, मग एकेक रिमोट दाबायचा. डबा तेवढेच लक्षात ठेवतो, बाकीचे विसरतो. हेडसर दुसरा रिमोट घ्यायला आले होते, तेव्हा तिने त्यांच्यासमोरच दोन्ही नव्याने शिकवले होते. शाळेचा माणूस म्हणून तिने विनोदही केला होता, "सर, ही शिकवणी आहे. जो वर्गात हजर, त्याचं नाव पटावर. गैरहजर राहील त्याचं नाव कट." हेडसर खूश होऊन हसले होते. स्टिअरिंगवर त्यांची मुलगी होती. मागे त्यांची बायको होती. आणि मागून प्रश्न आला होता, की सुटलेला रिमोट पुन्हा चालतच नाही का? "पुन्हा शिकवेपर्यंत नाही," ती म्हणाली होती. प्रश्न कुणी विचारला होता? त्या वेळी ती डॅशबोर्डखाली होती, तिला फक्त आवाज आला होता. बाईचा.

तिने चावी फिरवली, लपवलेलं बटण दाबून धरलं आणि डब्यावरच्या लाल दिव्याकडे बघत राहिली. हा दिवा जितके रिमोट पटावर, तितक्या वेळा लुकलुकतो.

दिवा एकदा लुकलुकला.

ती दुसऱ्यांदा लुकलुकण्याची वाट बघत राहिली. शिपायांपैकी एकाने जांभई दिली. दिवा विझलेलाच राहिला.

"फौजदारांना बोलवा," ती म्हणाली. "हा बिघाड नाही. कुणीतरी हेडसरांचं नाव पटावरून काढलंय."

३

"कधी काढलं?" फौजदारांनी विचारलं. "वर्षभरापूर्वीही काढलं असेल."

दवाखान्याच्या आवारातल्या पहारेकऱ्याने तो प्रश्न एका वाक्यात मिटवला.

"म्हातारा खडूस होता," पहारेकरी म्हणाला. "सकाळी साडेनऊला आले. मुलीने गाडी लावली. मुलीने लॉक करायला हात उचलला, तर म्हातारा खेकसला, 'तुझं काम नाही ते.' स्वतःच्या हाताने रिमोट दाबला. दिवे एकदा लुकलुकले. दार ओढून बघितलं, मग आत गेले."

वायरवालीने फौजदारांकडे पाहिलं. साडेनऊला त्याच रिमोटने गाडी लॉक झाली. बारा वाजता हेडसर गाडीत झोपायला गेले. सव्वाला मेलेले सापडले. मधल्या अडीच तासांत कुणीतरी चावी घेऊन गाडीत बसलं आणि डब्याला फक्त एक रिमोट शिकवून गेलं. दुसरा.

"दुसरा रिमोट कुठे असतो?"

"घरी," फौजदार म्हणाले. "बायको म्हणते, हेडसरांच्या टेबलाच्या खणात. कुलूप लावून."

घरी त्यांना आधी धाकटा भाऊ भेटला. खालच्या मजल्यावर त्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. वरच्या मजल्यावर सख्खा भाऊ राहत होता आणि सहा वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"काका, तुम्हाला तारांमधलं कळतं," वायरवाली म्हणाली.

"तुझ्यापेक्षा जास्त," तो पंख्याच्या पात्यावरची धूळ पुसत म्हणाला. "मेला ते बरं झालं. लिहून घ्या, साहेब. लहानपणी त्याने मला माळ्यावर कोंडलं होतं. मी पाढा चुकलो म्हणून. सकाळपासून दुपारपर्यंत. आई विचारत होती, धाकटा कुठाय, आणि हा जेवत बसला होता."

"काल साडेनऊ ते बारा कुठे होतात?"

"इथेच. समोरचा शिंपी आहे, मागच्या खोलीतली भाडेकरीण आहे, विचारा. आणि मी मारला असता ना, तर पोटभर बघून मारला असता. असा लांबून नाही."

शिंप्याने आणि भाडेकरणीने दोघांनीही मान डोलावली. काका साडेनऊ ते एक जागचे हलले नव्हते.

टेबलाचा खण फौजदारांनी उघडायला लावला. कुलूप शाबूत होतं. चावी हेडसरांच्याच किल्ल्यांच्या जुडग्यात होती. आत लाल शाईची पेनं, जुनी हजेरीपुस्तकं, एक शिट्टी. रिमोट नव्हता.

दाराशी उभी असलेली हेडसरांची मुलगी खणात डोकवायला पुढे आली.

४

मुलगी पस्तीसची होती, कॉलेजात ग्रंथपाल. डोळे सुजलेले, पण बोलणं नेमकं.

"तो खण बाबांशिवाय कुणी उघडत नाही. मला त्यात काय आहे तेसुद्धा माहीत नव्हतं."

"ताई, ऑपरेशन चालू असताना तुम्ही कुठे होतात?"

"आत, बाबांजवळ. एकाच नातेवाइकाला सोडतात. पर्सही आत नेऊ देत नाहीत. ती आईकडे होती."

"गाडीची चावी?"

"पर्समध्ये."

वायरवालीने ते ऐकून घेतलं आणि पुढे गेली. "बारा वाजता गाडीपाशी काय झालं, तेवढं सांगा. जसं झालं तसं."

"बाबांना तासाभराने पुन्हा तपासायला बोलावलं होतं. बाकावर इतर पेशंटांबरोबर बसायला ते तयार होईनात. गाडीत झोपतो म्हणाले. मी गाडी सकाळीच झाडाखालून काढून मोकळ्यात लावली होती, कारण..." ती अडखळली. "आई म्हणाली, पक्षी घाण करतात, बाबा चिडतील. काचा मी थोड्या खाली ठेवत होते. आई म्हणाली, ऑपरेशनच्या डोळ्यात धूळ जाईल. मला वाटलं, औषधं घेऊन पाच मिनिटांत तर परत येऊ. आम्ही सहा-सात पावलं गेलो असू. मागे वळून बघितलं तर दिवे लुकलुकले. एकदा. बाबांनी आतून लॉक केलं. त्यांची सवयच आहे."

फौजदार काहीतरी लिहीत होते. त्यांचं पेन थांबलं.

"मग औषधांची रांग खूप मोठी होती. आई म्हणाली, तू रांगेत थांब, मी बाबांकडे जाते. मला वाटलं ती गाडीत आहे. आणि ती... तिला बाकावरच डोळा लागला." मुलीने ओठ दातांत धरला. "तिचं वय झालंय हो. तिला कुणी काही बोलू नका."

"घरात लहान मुलं किती आहेत?" वायरवालीने अचानक विचारलं.

"लहान मुलं?"

"तुमची. तुमच्या भावंडांची. हेडसरांची नातवंडं."

"मी एकटीच आहे. लग्न केलं नाही. आमच्याकडे कुणीच लहान नाही. का?"

वायरवाली जिना उतरून खाली आली आणि पंख्यांच्या दुकानासमोर उभी राहिली.

दुसऱ्या रिमोटचं सोडलं, तर हेडसर तिच्याकडे चार कामं घेऊन आले होते. पहिल्यांदा अलार्म आणि लॉक. दुसऱ्यांदा म्हणाले, चोर काच फोडून आत हात घालतो आणि खुंटी वर ओढतो, तर रिमोटने लॉक केल्यावर खुंटी ओढली तरी ती पुन्हा खाली गेली पाहिजे. तिने पुढच्या दोन्ही दारांत बारीक स्विच आणि तो दबताच लॉकला पुन्हा करंट देणारा एक रिले बसवला. खुंटी वर ओढा, हँडलपर्यंत हात जायच्या आत ती खाली. तिला आपल्या त्या कामाचा अभिमान वाटला होता. तिसऱ्यांदा म्हणाले, शेजारी कटकट करतात, सायरन काढून टाका. चौथ्यांदा म्हणाले, नातवंडं खेळतात, मागची दारं आतून उघडू न देणारं चाइल्ड लॉक कायमचं पक्कं करा आणि हॉर्न चावीशिवाय वाजता कामा नये.

नातवंडं नव्हती.

चार कामं, चार निमित्तं, प्रत्येक निमित्त पटण्यासारखं. चारही एकत्र केली की काय होतं ते तिला आत्ता, भर रस्त्यात, दिसत होतं. आत बसलेल्या माणसाला दार उघडता येणार नाही, हॉर्न वाजवता येणार नाही, चावीशिवाय काच उतरवता येणार नाही, काचांवर मुठी आपटल्या तरी सायरन ओरडणार नाही. तो चोरासाठी अलार्म नव्हताच. तो पिंजरा होता आणि तो तिने बांधला होता.

पण हेडसरांनी स्वतःला कोंडून घ्यायला तर तो बांधून घेतला नव्हता.

५

दवाखान्यातल्या नर्सने शेवटची गाठ सोडवली. तिला घाई होती, ती चालता चालताच बोलली.

"आई? हो, बसल्या होत्या बाहेर. साडेदहाला म्हणाल्या, फाईल गाडीत राहिली, आणते. दहा मिनिटांनी आल्या. मला जरा नवलच वाटलं, कारण फाईल माझ्या टेबलावर होती."

"आणि बारानंतर?"

"खिडकीजवळच्या बाकावर. मी तीनदा तिथून गेले."

"झोपल्या होत्या?"

नर्स थांबली. "झोपल्या? नाही हो. ताठ बसल्या होत्या. बाहेर बघत."

वायरवाली त्या बाकावर जाऊन बसली. खिडकीतून गाडी उभी होती ती जागा सरळ समोर दिसत होती.

फौजदारांना खाली जीपमध्ये थांबवून ती हेडसरांच्या घरी एकटीच वर गेली. हेडसरांच्या बायको, काकू, पलंगावर बसून नवऱ्याच्या शर्टांच्या घड्या घालत होत्या. पासष्ट वर्षांच्या, बारीक चणीच्या, केस व्यवस्थित बांधलेल्या. प्रत्येक घडी पट्टीने आखल्यासारखी.

"काकू, दिव्यांचं मला कोडं पडलंय," वायरवाली म्हणाली. "दिवे एकदा लुकलुकले, म्हणजे रिमोटने लॉक झालं. पण बारा वाजता हेडसरांचा रिमोट डबा ओळखतच नव्हता. मग त्यांनी आतून लॉक केलं कसं?"

काकूंनी शर्टाची बाही आत दुमडली. "पुढे?"

"लॉक केलं ते दुसऱ्या रिमोटने. ताईंच्या एका हातात पर्स, दुसऱ्यात औषधांची चिठ्ठी होती, असं पहारेकरी सांगतो. त्यांनी केलं असतं तर दिवे लुकलुकल्याचं त्यांनी स्वतःहून सांगितलंच नसतं. त्यांच्याशेजारी तुम्ही चालत होतात. पिशवीत हात घालून."

"पुढे?"

"साडेदहाला पर्स तुमच्याकडे होती. पर्समध्ये चावी. तुम्ही आधीच टेबलावर असलेली फाईल आणायला गाडीत गेलात. चावी फिरवलीत, बटण पाच वेळा दाबलंत, फक्त तुमचा रिमोट शिकवलात. बारा वाजता हेडसरांनी बटण दाबलं, तेव्हा पिशवीतून गाडी उघडलीत तीही तुम्हीच. झाडाखालून गाडी तुम्ही काढायला लावलीत. काचा तुम्ही बंद करायला लावल्यात. माझ्या दुकानात मागच्या सीटवरून तो प्रश्न तुम्हीच विचारला होतात."

काकूंनी शर्ट गठ्ठ्यावर ठेवला, तळव्याने सपाट केला. मग उशीखालून रिमोट काढून वायरवालीच्या मांडीवर ठेवला.

"किल्ल्यांचं जुडगं ते आंघोळीला जाताना भिंतीवरच्या खुंटीला लावायचे," त्या म्हणाल्या. "एवढं एक तुम्ही विचारलं नाहीत. बाकी उत्तर बरोबर आहे. त्यांनी तुम्हाला पैकीच्या पैकी दिले असते."

"काकू, तो पिंजरा त्यांनी तुमच्यासाठी..."

"एका चुकीला वीस मिनिटं," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, वेळापत्रक वाचावं तसा आवाज होता. "भाजी खारट, वीस मिनिटं. पाहुण्यांसमोर मधे बोलले, चाळीस. वाचनालयासमोर गाडी लावायचे आणि आत जाऊन पेपर वाचायचे. पहिल्यांदा मी काचेवर थापा मारल्या. लोक बघायचे आणि जायचे. गाडीत एक बाई बसलीये, नवऱ्याची वाट बघतेय, त्यात काय बघायचं? एकदा एका बाईने हात हलवून दाखवला. तिला वाटलं, मी तिला हात करतेय."

"ताईंना सांगायचं होतंत."

"तिला वाटतं, आईला गाडीत निवांत बसायला आवडतं. त्यांनी तसं सांगितलंय तिला. माझ्यासमोर."

"रिमोट हातात आला त्या दिवशी निघून जायचं होतंत."

"कुठे?" काकूंनी खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं. "मी वाट बघितली. कधीतरी ते मागे बसतील आणि चावी त्यांच्याकडे नसेल. दोन वर्षं लागली. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा मी पहिल्यांदा पोटभर जेवले."

खाली कुणीतरी पंखा चालू करून पाहिला आणि बंद केला.

"बाकावरून सगळं दिसत होतं," काकू म्हणाल्या. "आधी गाडी हलत होती. मग थांबली. मग एकदा जोरात हलली. मी मोजत होते. वीस मिनिटं झाली, तेव्हा वाटलं, एक चूक संपली. जाऊन उघडावं. मग म्हटलं, त्यांच्या चुका काय एकच आहेत?"

वायरवाली रिमोट मुठीत घेऊन उठली. काकूंनी पुढचा शर्ट उचलला, पण घडी घातली नाही.

"तुम्हाला मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हॉर्नचं काम झालं त्या दिवशी. मी मागे होते. काच दोन बोटं खाली होती. मी म्हटलं, 'अहो, मला आतून बाहेर पडता येत नाही.' तुमच्या दातांत टेप होती. तुम्ही हसलात. म्हणालात, 'काकू, तेच तर काम केलंय! पक्कं झालंय की नाही?' आणि ते पण हसले."

वायरवालीला ते आठवलं. टेपची कडू चव, खिडकीच्या फटीतली चार बोटं, सगळं. तिला ती बोटं तेव्हा काचेवर सहज टेकवलेली वाटली होती.

ती जिना उतरली आणि जीपमध्ये बसलेल्या फौजदारांच्या हातात तिने रिमोट ठेवला. वाटेत ती कुठेही थांबली नाही.

६

दुकानाच्या शटरवरचा कागद दुसऱ्याच दिवशी निघाला. वायरवालीने जबाबात चारही कामं सविस्तर लिहिली होती. फौजदारांनी ती पानं बाजूला काढली.

"हे कशाला?" ते म्हणाले. "गिऱ्हाइकाने सांगितलं, तुम्ही केलं. त्यांनी कारण दिलं, तुम्हाला पटलं. उगाच यात शिरलात तर तुम्हीच आत जाल. रिमोट, डबा, दिवे, एवढं पुरे आहे."

तिने नवीन पानांवर सही केली.

खटला आठ महिन्यांनी उभा राहिला. काकू आरोपीच्या पिंजऱ्यात ताठ उभ्या होत्या. त्यांनी गुन्हा नाकारला नव्हता. त्यांच्या वकिलाची सगळी भिस्त एका गोष्टीवर होती. हेडसर बायकोला कोंडत होते हे सिद्ध झालं, तर शिक्षा कमी होण्याची आशा होती. पण वाचनालयासमोरून जाणाऱ्या हजार माणसांपैकी एकही साक्ष द्यायला आला नाही. भाऊ म्हणाला, त्याने मला कोंडलं होतं, तिचं मला माहीत नाही. मुलगी म्हणाली, बाबा कडक होते. तेवढं बोलून ती रडली.

वायरवालीने डबा कसा शिकतो आणि कसा विसरतो ते कोर्टाला नीट समजावून सांगितलं. न्यायाधीशांनी दोनदा मान डोलावली. मग काकूंचा वकील उठला.

"तुम्ही हुशार कारागीर आहात," तो म्हणाला. "मला एकच विचारायचंय. गाडीतून आतून बाहेर पडता येत नाही, असं माझ्या अशिलाने तुम्हाला कधी सांगितलं होतं का?"

पंखे फिरत होते. वायरवालीला सगळं कळत होतं. हो म्हटलं, तर कोंडण्याला पहिला साक्षीदार मिळत होता. हो म्हटलं, तर पुढचा प्रश्न होता, मग तुम्ही काय केलंत? आणि त्यापुढे दुकान, नाव, वीस वर्षं, फौजदारांनी बाजूला काढलेली पानं. काकू तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती. वर्गातल्या कुणाला उत्तर येतंय का हे बघावं, तसं त्या बघत होत्या.

"आठवत नाही," वायरवाली म्हणाली.

"नीट आठवा."

"रोज दहा गिऱ्हाइकं असतात, साहेब. आठवत नाही."

वकील खाली बसला. काकूंनी नजर काढून घेतली आणि समोरच्या भिंतीकडे बघायला लागल्या.

महिन्याभराने निकाल लागला, जन्मठेप झाली. कोर्टाच्या पायऱ्यांवर गर्दी होती. वायरवाली त्यातून वाट काढत खाली आली तर मुलगी फाटकापाशी उभी होती. हातात आईची पिशवी, ती आत नेऊ दिली नव्हती.

"तुम्हाला खरंच आठवत नाही?" मुलीने विचारलं.

"नाही, ताई."

मुलीने मान हलवली.

"तुमच्या साक्षीच्या आदल्या दिवशी मी आईला भेटले होते," ती म्हणाली. "तिला म्हटलं, त्या नक्की सांगतील, काळजी करू नकोस. आई म्हणाली, नाही सांगणार. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाली, त्या वाईट नाहीत, पण माझी बोटं काचेच्या फटीत होती ना, तेव्हा त्यांनी काच वर करून दिली. वारा लागू नये म्हणून."

वायरवालीने तोंड उघडलं. मुलगी तोवर रस्ता ओलांडायला लागली होती. पलीकडे आईला घेऊन पोलिसांची गाडी निघत होती आणि मुलगी गाडीबरोबर चालायचा प्रयत्न करत होती, आधी भरभर, मग धावत.